बंद तालीम, पहाटेचा गट : कामाच्या नोंदी

लातूर जिल्ह्यात निलंगा तालुक्यातल्या आमच्या गावची तालीम वस्ताद गेल्यापासून बंद होती. ती उघडायची, हौद, म्हणजे कुस्तीच्या मातीचा आखाडा, पुन्हा भरायचा आणि पहाटे गावातल्या माणसांनी तिथं एकत्र मेहनत करायची, एवढं काम हाती घेतलं आहे. दुसऱ्या गावात कुणी हे करणार असेल तर त्याचा पैसा आणि वेळ वाचावा म्हणून या नोंदी.

१७ सप्टेंबर २०२४

सकाळी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं, संध्याकाळी गणपती विसर्जन. तालमीला आतापर्यंत गणेश मंडळाची कोठी केलेली होती. ढोल, मखर, मंडपाचे बांबू, जुन्या लाईटच्या माळा, सगळं हौदावर रचलेलं. विसर्जनाला हे सामान बाहेर निघतंच, म्हणून आजचा दिवस धरला. मंडळाच्या पोरांशी आधी बोलून ठेवलं होतं. सामान परत तालमीत आलं नाही, ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत गेलं. पोरांनीच वाहून नेलं.

आत काय सापडलं ते लिहून ठेवतो. पत्रे तीन ठिकाणी गळके. उत्तरेच्या भिंतीला बोट जाईल एवढी चीर. मल्लखांबाला बुडापासून वाळवी, तो गेलाच. करेलांची, म्हणजे फिरवायच्या मुदगलांची, एक जोडी शाबूत. हौदातली माती इतकी बसलेली की कुदळ आत जाईना.

हे काम का घेतलं, तेही लिहितो, कारण पुढं लोक विचारतीलच. वस्तादांनी मागं जमीन ठेवली नाही, पक्कं घर ठेवलं नाही. पण आज गावात पन्नाशीच्या पुढं जे जे गडी ताठ चालतात, ते बहुतेक त्यांच्या हाताखालून गेलेले. माझं वय बावन्न. माझं खत-बियाण्यांचं दुकान मुलगा सांभाळेल किंवा विकेल, त्याची मला काळजी नाही. पण माझ्या हाताखालून कोण गेलं, याचं उत्तर माझ्याकडं नाही.

आमच्या भागात तालमीचा संबंध नुसता कुस्तीशी नव्हता. निजामाच्या राज्यात आर्य समाजानं इकडं ठिकठिकाणी व्यायामशाळा चालवल्या, आणि त्यातली कितीतरी पोरं पुढं मुक्तिलढ्यात उतरली. झेंडावंदनाच्या भाषणात हे दरवर्षी येतं, पण भाषण संपल्यावर कुणी तालमीकडं वळत नाही.

२२ सप्टेंबर

पहिली पहाट. वेळ सव्वापाच. व्हॉट्सॲपवर गट केला होता, तिथं वीस-बावीस जणांनी होकाराचे अंगठे टाकले होते. आले पाच. त्यातले दोघं पोलीस भरतीची तयारी करणारे, ते तसेही रोज रस्त्यावर पळतातच.

अंधार हा मोठा अडथळा. सप्टेंबरअखेर सूर्य सव्वासहाच्या आसपास उगवतो, म्हणजे आमचा सगळा व्यायाम अंधारातच. तालमीची वीजजोडणी कधीच तोडलेली. आज मोटारसायकलचा दिवा लावून भागवलं.

२६ सप्टेंबर

व्हॉट्सॲपचा नाद सोडला. त्याऐवजी हाक. ज्यानं त्यानं तालमीकडं येताना वाटेवरच्या एका घरापुढं थांबायचं आणि नाव घेऊन हाक मारायची. मोबाईलवर "उद्या नक्की" लिहायला काही लागत नाही. पण अंगणात उभा राहून कुणी "तात्या, उठलाव का?" म्हणालं, की माणसाला अंथरुणात पडून राहता येत नाही. आज अकरा जण होते.

बॅटरीवाला सोलर दिवा घेतला, ३,२०० रुपये. अंगणाला एक पुरतो.

३० सप्टेंबर

आज कुणालाच हाक मारावी लागली नाही. आमच्याकडं या तारखेला चाळिशीच्या पुढची माणसं पहाटे जागीच असतात. १९९३ साली आजच्याच दिवशी तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाची घरं झोपेतल्या माणसांवर बसली.

त्या सकाळी उजाडायच्या आत वस्ताद तालमीतली पोरं घेऊन निघाले होते. मीही त्यात होतो. आधी बैलगाडी, मग ट्रक, मग पायी. दगड उचलायला जेसीबी नंतर आले. पहिल्या दिवशी हात आणि पहारीच होत्या. वस्तादांनी आम्हाला सहा-सहाच्या टोळ्या लावून दिल्या होत्या आणि दर थोड्या वेळानं टोळी बदलत होते. कुस्तीतली मेहनत त्यांनी तिथं लावली. एक थकला की दुसरा पुढं, पण काम थांबू द्यायचं नाही.

आज व्यायाम केला नाही. सगळे अंगणात बसलो आणि त्या दिवशी कोण कोण होतं त्यांची नावं आठवून काढली. निवृत्त गुरुजींनी ती वहीत उतरवली. भरतीची तयारी करणाऱ्या दोन्ही पोरांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता. त्यातला एक मध्येच म्हणाला, "माझे आजोबा बी होते का ह्यात?" होते. त्याला घरी कुणी सांगितलंच नव्हतं.

१८ ऑक्टोबर

गट मोडल्यात जमा. सोयाबीनची काढणी, त्यात परतीचा पाऊस. ज्याचं रान कापून पडलंय तो रात्री ताडपत्री सांभाळतो आणि पहाटे मळणीयंत्राच्या मागं लागतो. काल तिघं होतो. आज गुरुजी आणि मी.

दुसऱ्या गावात सुरू करणाऱ्यांनी हे आधीच धरून चालावं. सोयाबीनच्या पट्ट्यात सप्टेंबरअखेर गट काढला तर ऑक्टोबरात तो रिकामा होतो. जूनमध्ये काढला तर पेरणीत. दिवाळीनंतरचा काळ बरा. आम्ही दार मात्र रोज उघडलं. दोघं असू तर दोघांनी जोर काढायचे, पण कुलूप लावायचं नाही. येणाऱ्याला तालीम बंद दिसली तर तो पुन्हा येत नाही.

९ नोव्हेंबर

दिवाळी उरकली, लोक परतले. आता भिंत आणि हौद.

भिंतीची चीर दरवर्षी बुजवली जायची आणि दरवर्षी उघडायची. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचं बांधकाम तिच्याबरोबर हलतं. गवंड्यानं सिमेंट भरायला साफ नकार दिला. म्हणाला, आधी पाणी लांब घालवा. भिंतीलगतची काळी माती दोन फूट खोल उकरून मुरूम भरला, चोपला आणि बाहेरच्या बाजूला उतार दिला. पत्र्याचं पाणी थेट भिंतीच्या पायात पडत होतं, तेही वळवलं. मग चीर भरली. पत्रे आणि भिंत मिळून १४,५०० गेले. उकरायचं काम गटानं पहाटेच केलं, त्या आठवड्यात जोर-बैठकांऐवजी खोरं आणि घमेलं.

१७ नोव्हेंबर

मातीत पैसे बुडाले. गावाजवळच्या पाझर तलावातली गाळमाती स्वस्त पडते म्हणून ६,००० रुपयांची आणून टाकली. पाणी मारून दोन दिवस ठेवली तर वरून भेगा आणि आतून चिकट. अंगाला लागली की सुटत नाही, वाळली की खडे होऊन टोचतात. कुस्ती सोडा, तिच्यावर साधी उडी मारता येईना. सगळी उपसून बाहेर काढली. ती फुकट गेली असं म्हणणार नाही, लोकांनी परड्यात नेली. पण हौदाचा आठवडा गेला.

विधानसभेची निवडणूक २० तारखेला आहे. या दिवसांत दोन वेगवेगळ्या बाजूंची माणसं येऊन गेली. मॅट देतो, मशिनी देतो, फक्त बाहेर फलक लावा. गटात चर्चा झाली. अप्पा, म्हणजे वस्तादांचे सगळ्यात जुने शागीर्द, म्हणाले, "ज्याचा फलक त्याची तालीम. उद्या दुसऱ्या बाजूचा गडी आत यायचा नाही." कुणाचंच घेतलं नाही. पैसा कमी पडतोय हे खरं, तरी मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो.

१ डिसेंबर

तांबडी माती आली. उदगीरकडं बिदरच्या पठाराची जांभी तांबडी जमीन लागते, तिथली. आमचा हौद सोळा बाय सोळा फूट, दीड फूट खोल, म्हणजे जवळजवळ चार ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). माती बसते म्हणून पाच ब्रास मागवली. टिप्परच्या दोन खेपा, रॉयल्टीच्या पावतीसह १९,००० रुपये. पावती घ्याच. वाटेत गाडी अडवली तर गावाचं काम आहे म्हणून कुणी सोडत नाही.

माती आधी चाळली. वाळूच्या चाळणीनं एकदा आणि बारीक चाळणीनं पुन्हा. यात सहा पहाटा गेल्या, आणि खरं सांगायचं तर गट घट्ट झाला तो या सहा पहाटांत. चाळणीच्या दोन बाजूंना दोन माणसं लागतात. ज्यांचं बांधावरून वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं असे दोघं नेमके समोरासमोर आले आणि चाळत राहिले.

चाळलेल्या मातीत वीस किलो हळद, गोडेतेलाचा एक डबा, लिंबाचा रस, कापूर आणि कडुनिंबाचा वाळवलेला पाला. ताक घरोघरचं. हळद वसमतच्या बाजारातून एकाच्या मेहुण्यानं आणली. सोयाबीनचा हमीभाव यंदा, २०२४-२५ ला, क्विंटलला ४,८९२ रुपये होता, पण बाजारात त्याहून कितीतरी कमी मिळाला. अशा वर्षी रोख वर्गणी मागायला जीभ रेटत नाही. म्हणून सांगितलं, ज्याच्याकडं जे आहे ते द्या. ताक, लिंबं, ट्रॅक्टर, एक दिवसाची मजुरी. रोख ५,८०० मध्ये हे सगळं बसलं.

तेल आधी कमी टाकलं होतं, धूळ नाकात जात होती. अप्पांनी मूठ आवळून दाखवली. मूठ उघडल्यावर गोळा राहावा आणि बोटानं दाबताच फुटावा, तेव्हा माती झाली समजायचं. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. अप्पा उद्या नसते तर ते कुणालाच ठाऊक नसतं. वहीत उतरवलं.

१६ डिसेंबर

थंडी. तरी पंचवीसच्या आसपास येतात. आज एक प्रसंग झाला तो सगळ्यांनी वाचावा.

साठीचे एक काका बैठका मारता मारता थरथरायला लागले, दरदरून घाम, बोलणं अडखळलं. मधुमेहाची गोळी रात्री घेतलेली आणि पोट रिकामं. गुळाचा खडा आणि साखरेचं पाणी दिलं, दहा मिनिटांत सावरले, मग दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलून दिली. आता तालमीत गुळाचा डबा कायम. साखर, बीपी किंवा हृदयाचं दुखणं असणाऱ्यानं डॉक्टरांना विचारूनच यायचं, आणि आपलं दुखणं गटातल्या दोघांना तरी ठाऊक असू द्यायचं. हौदात उतरणाऱ्यानं धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं हवं.

गुडघे दुखणाऱ्यांना पूर्ण बैठक बंद. खांबाला धरून अर्धी बैठक.

ज्या दिवसांत शेतपंपाची थ्री फेज लाईट रात्रीची असते, तेव्हा हरभऱ्याला पाणी देणारे गडी येत नाहीत. त्यांना हाक मारायची नाही असं ठरवलं. रात्रभर पाण्यात उभ्या माणसाला झोपेची गरज जास्त.

५ जानेवारी २०२५

रविवारी मेहनतीनंतर पाऊण तास बसायचं मी सुचवलं होतं. विषय एकच. आपण गेल्यावर मागं काय राहावं?

बैठक फसली. पहिल्यानं सांगितलं, शेत. दुसऱ्यानं विचारलं, कुणाच्या नावावर? तिथून गाडी वाटणीवर गेली, सख्खे भाऊ एकमेकांकडं बघेनात, एक उठून गेला. बाकीचे खाली बघत बसले. ज्या प्रश्नाचं उत्तर द्यायला माणसाला आपलं मरण डोळ्यापुढं आणावं लागतं, तो चारचौघांत असा सरळ विचारून चालत नाही.

१२ जानेवारी

गुरुजींनी प्रश्न बदलला. मागं काय ठेवणार हे विचारूच नका म्हणाले. आपल्याला कुणी काय शिकवलं ते विचारा.

आणि माणसं बोलायला लागली. एकाला पोहायला थोरल्या बहिणीनं शिकवलं होतं, विहिरीत, कमरेला दोर बांधून. डेअरीवाल्याला हिशोब चुलतीनं शिकवला, जिला स्वतःला लिहिता येत नव्हतं. भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढून शिकवला. चांगली वीस एकर बागायत असलेला एक गडी बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, मला औत धरायला आमच्या सालगड्यानं शिकवलं. तास वाकडं गेलं की ओरडायचा नाही, नुसता माझ्या हातावर हात ठेवायचा. त्याचं नाव विचारलं तर याला आडनाव आठवेना. गावात दोघा-तिघांना विचारून, दुपारी त्याच्या नातवाचा शोध लागला. नातू लातूरला रिक्षा चालवतो. त्याला फोन लावला आणि आजोबांचं पूर्ण नाव वहीत घातलं.

वहीत आता दोन रकाने आहेत. डावीकडं शिकवणाऱ्याचं नाव, उजवीकडं शिकणाऱ्याचं. वस्तादांच्या नावापुढं दोन पानं भरली.

अप्पांनी याच बैठकीत हरिश्चंद्र बिराजदार मामांचा विषय काढला. रामलिंग मुदगड आमच्याच तालुक्यातलं. मामांनी कुस्ती गाजवली, पण अप्पांचं म्हणणं असं की त्यांचं मोठं काम पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत झालं. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे त्यांच्याकडं पोरवयात गेला. मामा २०११ मध्ये गेले. पुढची मेहनत त्यानं लातूर जिल्ह्यातल्याच काका पवारांकडं केली, तेही मामांचेच शिष्य. आणि २०१८ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत राहुलनं सुवर्ण घेतलं. शिकवणारा गेल्यावर सात वर्षांनी त्याच्या पोरानं पदक आणलं, कारण मधला हात तयार होता. आमच्या तालमीत वस्ताद होते आणि पोरं होती, मधला हात कुणी तयारच केला नाही. म्हणून कुलूप लागलं.

१९ जानेवारी

त्यावरून वार वाटून घेतले. सोमवार अप्पांचा, मंगळवार भरतीवाल्या पोराचा, बुधवार डेअरीवाल्याचा, असं. ज्याचा वार त्यानं सांगायचं, बाकीच्यांनी करायचं. वय, जमीन, जात, पद, काही आड येणार नाही. दर महिन्याला एक नवा माणूस वार घेईल आणि जुना त्याच्या शेजारी उभा राहील.

पहिला आठवडा अवघड गेला. बुधवारी डेअरीवाल्याचा आवाजच फुटेना. मंगळवारी वीस वर्षांच्या पोरानं पन्नाशीतल्यांना सोळाशे मीटर पळायला लावलं, निम्मे अर्ध्यावर बसले. त्यानं लगेच दोन गट केले, एक पळणारा आणि एक चालणारा. त्याला हे कुणी सुचवलं नव्हतं.

२३ फेब्रुवारी

आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी बरेच दिवस लातूरला होतो. आल्यावर पाहिलं तर तालीम सव्वापाचऐवजी पाचला उघडते, आधी पळणं मग जोर, आणि रविवारची बैठक हौदाच्या काठावरून पारावर गेली आहे. पळणं आधी हे मला पटलेलं नाही. थंड अंगानं डांबरी रस्त्यावर पळालं की पोटऱ्या धरतात. तसं बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि पळण्याआधी दहा मिनिटं हालचाली वाढवल्या, पण क्रम बदलला नाही. मी पुढं काही म्हटलं नाही. मी नसताना तालीम उघडली, हाका गेल्या, वहीत नोंदी झाल्या, यापेक्षा मला हवं तरी काय होतं?

१६ मार्च

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या चार मुली अंधारात हायवेच्या कडेनं पळतात. त्यांना आठशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक लागते. एकीच्या वडिलांनीच विचारलं, आमच्या पोरीला तालमीत येऊ द्याल का? दोन रविवार यावरच गेले. काही जुने गडी म्हणाले, तालमीत मारुती आहे, बायामाणसं आत नकोत. अप्पा बराच वेळ ऐकत होते, मग म्हणाले, "रस्त्यावर ट्रकखाली जाण्यापेक्षा इथं आलेल्या बऱ्या."

आज मुली अंगणात येतात, जोर काढतात, गोळाफेकीसाठी शाळेचं मैदान वापरतात. हौदात उतरायचा प्रश्न अजून सुटलेला नाही. दोघं जण या कारणानं यायचे बंद झाले. मला वाटतं, हौदही उघडायला हवा आणि मी तसं दर बैठकीत बोलत राहणार. गुरुवारचा वार एप्रिलपासून त्यातल्या एका मुलीकडं असणार आहे, यावर मात्र मतभेद झाला नाही.

६ एप्रिल

ऊन वाढलं. साडेसहाच्या पुढं कुणी थांबत नाही. हौद वाळतो, म्हणून दर तीन दिवसांनी संध्याकाळी पाणी मारून उकरावा लागतो. आमच्याकडं उन्हाळ्यात पाण्याचं काय होतं ते सांगायला नको. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. म्हणून हौदाला पिण्याचं पाणी वापरायचं नाही. डेअरीतलं कॅन धुतल्याचं पाणी वापरून पाहिलं, दुसऱ्या दिवशी वास सुटला. आता एका बोअरवाल्याकडून आठवड्याला चार घागरी मिळतात.

खर्च आजवर: पत्रे-भिंत १४,५००, बुडालेली माती ६,०००, तांबडी माती १९,०००, हळद-तेल वगैरे ५,८००, दिवा ३,२००. एकूण ४८,५००. पहिल्यापासून तांबडीच आणली असती तर सहा हजार वाचले असते.

कुलपाच्या चार किल्ल्या करून चार घरांत दिल्या. माझी मी ठेवलेली नाही. वहीची झेरॉक्स काढून एक प्रत गुरुजींच्या घरी, एक ग्रामपंचायतीत. मल्लखांबासाठी सागवानी खांबाचा भाव काढायचा आहे, आणि मृगाच्या आत पत्र्याला पन्हाळ बसवायची आहे, नाहीतर भिंतीलगतचा मुरूम पहिल्याच पावसात वाहून जाईल. मंगळवारवाला पोरगा दोन्ही कामं बघतो म्हणाला आहे.